चावलं की खाल्लं? : पॉयझन आणि व्हेनम

दापोली तालुक्यातल्या हर्णै बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव सुरू होतो, तेव्हा वाळूवर जागोजाग ओल्या माशांचे ढीग लागलेले असतात. अशाच एका ढिगापाशी मी उभा होतो. समोर एक पाकट मासा पडला होता. सुपाएवढा, चपटा, वरून मातकट आणि खालून पांढराफेक. शेपटी मात्र बुडापासून छाटलेली. थोड्या अंतरावर एक केंड मासा उताणा पडला होता, पोट फुगून चेंडूसारखं टम्म झालेलं. त्याला कुणी हातही लावत नव्हतं. पाकटाची शेपटी का छाटली, असं मी मासळी निवडणाऱ्या बाईंना विचारलं. त्यांनी मान वर न करता उत्तर दिलं, "पाकटाचा काटा वाईट, केंड आख्खा वाईट."

त्या वेळी माझ्या पिशवीत सापांविषयीच्या एका मराठी पुस्तिकेची कच्ची प्रत होती. गावोगावी साप वाचवणाऱ्या काही तरुणांसाठी मी तिचं इंग्रजी भाषांतर करत होतो आणि पहिल्याच पानावर अडलो होतो. विषारी, निमविषारी आणि बिनविषारी साप, असा तक्ता होता. 'विषारी'साठी इंग्रजीत 'पॉयझनस' लिहायचं की 'व्हेनमस'? बाईंच्या एका वाक्यात त्याचं उत्तर होतं. पाकट व्हेनमस आहे. त्याच्या शेपटीवरच्या करवतीसारख्या काट्यात विष असतं, तो पायात घुसला की माणूस वेदनेने तळमळतो. पण काटा काढून टाकला की तोच मासा कोकणात आणि गोव्यात आवडीने खाल्ला जातो, सुकवूनही ठेवतात. केंड पॉयझनस आहे. तो कुणाला डसत नाही, टोचत नाही. त्याचं विष असतं त्याच्या यकृतात, अंडाशयात, कातडीत. ते पोटात गेलं तर जीव जातो. आपण दोघांनाही विषारीच म्हणतो.

हा फरक विष किती जहाल आहे त्यावर ठरत नाही, ते शरीरात कोणत्या वाटेने येतं त्यावर ठरतो. एका प्राण्याने आपल्या ग्रंथीत तयार केलेलं आणि दात, नांगी किंवा काटा वापरून दुसऱ्याच्या कातडीखाली घातलेलं विष म्हणजे व्हेनम. पॉयझनला असं अवजार नसतं. ते पानात, बीत, कातडीत, बाटलीत, हवेत नुसतं असतं. आपण ते खातो, पितो, हुंगतो, किंवा ते कातडीतून आत झिरपतं. म्हणून इंग्रजी शाळांत मुलांना सोपी खूण सांगतात: तो तुम्हाला चावला आणि तुम्ही आजारी पडलात तर व्हेनम, तुम्ही त्याला चावलात आणि आजारी पडलात तर पॉयझन.

ही खूण किती पक्की आहे ते पाहायचं तर केंडाचंच विष घ्यावं. टेट्रोडोटॉक्सिन हे त्याचं रासायनिक नाव. ते मज्जातंतूंतून जाणारे संदेश अडवतं, मग स्नायू लुळे पडतात आणि शेवटी श्वास थांबतो. त्याला उतारा नाही. रुग्णाचा श्वास यंत्राने चालू ठेवून विष ओसरायची वाट पाहावी लागते. जपानमध्ये याच कुळातल्या माशाला फुगू म्हणतात आणि तो रांधायला परवाना लागतो. आता ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर या. तिथे निळ्या वलयांचा एक लहानसा ऑक्टोपस असतो, तळहातावर मावेल एवढा. त्याच्या लाळेत हेच टेट्रोडोटॉक्सिन असतं आणि चावताना तो ते भक्ष्याच्या अंगात सोडतो. रेणू तोच, पण केंडात असताना त्याला पॉयझन म्हणायचं आणि ऑक्टोपसच्या चाव्यात आला की व्हेनम. रेणूचं स्वतःचं नाव हवं असेल तर शास्त्रज्ञ तिसरा शब्द घेतात, टॉक्सिन. तो विष कुठून आलं, कसं आलं याच्या फंदात पडत नाही.

सापाचं विष रक्तात मिसळलं तरच मारतं, पोटात गेल्याने सहसा मारत नाही, ही गोष्ट युरोपात फार जुन्या काळापासून कुणाकुणाला ठाऊक होती. पहिल्या शतकातला रोमन कवी ल्यूकन याने आपल्या महाकाव्यात एक प्रसंग रंगवला आहे. रोमन नेता केटो याचं सैन्य लिबियाच्या वाळवंटात तहानेने व्याकुळ झालंय. झरा सापडतो, पण त्याच्या भोवती सापच साप. शिपाई पाण्याला तोंड लावेनात. तेव्हा केटो त्यांना समजावतो की सर्पाचं विष दातांतून रक्तात गेलं तर घातक, पाण्याला त्याची बाधा नाही. आणि सगळ्यांच्या आधी स्वतः पाणी पितो.

कवीने सांगितलं म्हणून विद्वानांना पटेलच असं नाही. सतराव्या शतकातही सापाचं विष त्याच्या पित्तात असतं असं पुष्कळ जण मानत. फ्लॉरेन्सच्या दरबारात फ्रान्चेस्को रेडी नावाचा वैद्य होता. त्याने असंख्य घोणसवर्गी साप चिरून पाहिले, प्राण्यांवर प्रयोग केले आणि १६६४ साली आपली निरीक्षणं छापली. विष म्हणजे दाताच्या मुळाशी असलेला पिवळसर द्रव, पित्ताचा त्याच्याशी संबंध नाही, हे त्याने दाखवून दिलं. या प्रयोगांच्या वेळी याकोपो सोत्सी नावाचा साप पकडणारा एक माणूस पुढे आला आणि सगळ्यांच्या देखत ते विष पिऊन मोकळा झाला. त्याला काही झालं नाही. सापाचं विष बहुतांशी प्रथिनांचं असतं आणि पोटात इतर प्रथिनांसारखं तेही पचून जातं, हे कारण पुढे खूप उशिरा कळलं. पण तोंडात साधी जखम, हिरडीतून येणारं रक्त, पोटात व्रण एवढं असलं तरी हा हिशेब चुकतो. विषाची परीक्षा पाहू नये ही आपली म्हण इथे अक्षरशः पाळायची.

मग हे दोन शब्द जन्मापासून असे वेगळे होते का? मुळीच नाही. पॉयझन आलं जुन्या फ्रेंचमधून, आणि फ्रेंचमध्ये लॅटिन 'पोतिओ'वरून. पोतिओ म्हणजे पेय, घोट, वैद्याने दिलेला काढासुद्धा. इंग्रजीतला 'पोशन' हा त्याचाच सख्खा भाऊ. त्यातला 'पिणे' हा अर्थ आपल्यालाही परका नाही. संस्कृत 'पा' धातू, आपलं पिणं आणि पेय यांचं आणि त्या लॅटिन शब्दाचं मूळ एकच आहे. म्हणजे 'पॉयझन'च्या पोटात पिणं दडलेलं आहे. व्हेनमची कथा अधिक विलक्षण. ते लॅटिन 'वेनेनुम'वरून आलं, आणि त्या शब्दाचं नातं लागतं प्रेमदेवता व्हीनसशी. वेनेनुम म्हणजे आधी वशीकरणाचा, प्रेमात पाडणारा रस असावा, असं भाषाशास्त्रज्ञ मानतात. म्हणजे दोन्ही शब्द पेल्यातूनच निघाले. त्यांतला एक पुढे सापाच्या दाताकडे गेला.

टॉक्सिक हा शब्द ग्रीक 'तोक्सोन'वरून आला. तोक्सोन म्हणजे धनुष्य. बाणाला लावायचं ते धनुष्याचं विष. आणि आपलं विष? त्याचा युरोपातला भाऊबंद म्हणजे लॅटिन 'विरुस'. त्याचाही अर्थ विषच, चिकट विषारी द्रव. म्हणून ज्या कुणी व्हायरसला मराठीत विषाणू म्हटलं, त्याने हजारो वर्षांपूर्वी ताटातूट झालेले दोन शब्द पुन्हा शेजारी आणून बसवले. हा शब्द वाचताना मला दर वेळी आनंद होतो.

इंग्रजीत या दोघांची कामं कशी वाटली गेली ते पाहायला शेक्सपिअरचं हॅम्लेट फार उपयोगी पडतं. आगरकरांनी १८८३ साली 'विकारविलसित' या नावाने ते मराठीत आणलं. नाटकाची सुरुवातच या दोन विषांच्या गफलतीने होते. बागेत झोपलेला राजा साप डसून मेला, असं राज्यात पसरवलेलं असतं. राजाचं भूत मुलाला सांगतं की साप नव्हताच. भावाने झोपेत माझ्या कानात विषारी रस ओतला. व्हेनमची बतावणी करून पॉयझन लपवलेलं आहे. शेवटच्या अंकात तर दोन्ही विषं एकाच वेळी रंगमंचावर असतात. पेल्यातल्या मद्यात विष कालवलेलं, आणि तलवारीच्या टोकाला विष माखलेलं. पेल्याची गोष्ट निघते तेव्हा पात्रं पॉयझनचा शब्द वापरतात. तलवारीचं टोक विषारी आहे हे हॅम्लेटला कळतं तेव्हा त्याच्या तोंडी व्हेनम येतं. तलवार इथे सापाचा दात झाली आहे. पण पुढे मरताना अंगात भिनणाऱ्या त्याच विषाला तो पॉयझन म्हणतो.

त्यामुळे 'पॉयझनस स्नेक' म्हणणाऱ्याला अडाणी ठरवण्याचा जो आग्रह अलीकडे दिसतो, तो मला पटत नाही. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये सापाच्या विषाला दोन्ही शब्द वापरलेले आहेत. सामान्य इंग्रजीत पॉयझन हा मोठा, सगळ्यांना पोटात घेणारा शब्द आहे आणि व्हेनम त्यातला एक खास प्रकार. उलट मात्र चालत नाही. अळंबीला व्हेनमस म्हटलं तर चूकच. पण प्राणिशास्त्र, वैद्यक, आरोग्याची पत्रकं, कायदा इथे फरक पाळलाच पाहिजे. आपल्या देशातला १९१९ चा विषांविषयीचा कायदा पॉयझन्सचा आहे, तो रसायनं विकण्या-बाळगण्यावर नियंत्रण ठेवतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात औषधांसाठी सापाचं विष काढण्याची परवानगी कुणाला मिळेल हे सांगितलंय, तिथे शब्द आहे व्हेनम.

आता मराठीकडे वळतो. मराठीत नाम एकच आहे, विष, हे खरं. जहर, गरळ, हलाहल हे आहेत, पण त्यांच्यात वाटेवरून वाटणी नाही. म्हणून मराठीला हा फरक कळत नाही असं कुणी म्हटलं तर ते मी मानणार नाही. आपण तो फरक क्रियापदांत ठेवला आहे. साप डसतो, विंचू नांगी मारतो, मधमाशी डंख मारते. त्यानंतर विष चढतं, भिनतं, उतरतं. याउलट शिळ्या अन्नातून विषबाधा होते. कुणी कुणावर विषप्रयोग करतो. वर्तमानपत्रात 'लग्नाच्या जेवणातून विषबाधा' हा मथळा आपण नेहमी वाचतो; 'साप चावून विषबाधा' असं मराठी माणूस सहज लिहीत नाही, तो सर्पदंश लिहितो. खेड्यात तर सापाचं नावही घेत नाहीत. जनावर म्हणतात, लांबडं म्हणतात, आणि साप चावला हे सांगायचं तर 'त्याला पान लागलं' म्हणतात. हे शब्द ऐकल्यावर विष कोणत्या वाटेने आलं हे वेगळं विचारावं लागत नाही.

मनातल्या विषाचंही तसंच. इंग्रजीत बोलण्यात व्हेनम असतं तेव्हा तिथे द्वेष असतो, समोरच्यावर नेम धरून सोडलेला. पॉयझन पसरतं, हळूहळू मन, नातं, घरातली हवा नासवतं. मराठीत पहिल्यासाठी आपण गरळ ओकणं म्हणतो, विखारी बोलणं म्हणतो. दुसऱ्यासाठी म्हणतो, त्याने तिच्या मनात विष कालवलं. कालवणं हा स्वयंपाकघरातला शब्द आहे. भात कालवतो तसं विष कालवायचं, म्हणजे खाणाऱ्याला कळू नये. 'व्हेनमस स्पीच'चं भाषांतर 'विषारी भाषण' असं करणाऱ्यांना मी नेहमी 'विखारी' सुचवतो. तो शब्द तयार आहे आणि नेमका आहे.

शेतीत एक शब्द असा आहे की तो लिहिताना हात जड होतो. कीटकनाशकाला आपल्या गावांत औषध म्हणतात. कपाशीवर औषध मारायचं, पंपात औषध भरायचं. लॅटिनमधला काढा पुढे पॉयझन झाला, आपल्याकडे पॉयझनला काढ्याचं नाव मिळालं. पिकाच्या बाजूने पाहिलं तर ते औषधच आहे. पण 'त्याने औषध घेतलं' या वाक्याचा अर्थ दवाखान्यात एक आणि कर्जात बुडालेल्या घरात दुसरा होतो, हे महाराष्ट्रातल्या कुणालाही सांगावं लागत नाही. ते पोटातच जावं लागतं असंही नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना अनेक शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने मेले. पाठीवर पंप, अंगावर ओला सदरा, तोंडाला फार तर एक फडकं. कातडीतून आणि श्वासातून विष आत गेलं. कीटकनाशकाच्या डब्यावरचा पॉयझन शब्द आणि त्याखालचा रंगीत त्रिकोण वाचता येणारं कुणी त्या बांधावर असतं, डब्यावरच्या इंग्रजीऐवजी मोठ्या मराठी अक्षरांत 'हे कातडीतूनही चढतं' एवढं लिहिलेलं असतं, असं मला फार वाटतं. सामान्यांच्या मनात पॉयझन म्हणजे गिळायची वस्तू, आणि ही समजूत जिवावर बेतते.

दवाखान्याच्या दारात पहिला प्रश्न तोच असतो, चावलं की खाल्लं? कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. खाल्लं, प्यायलं असेल तर पोट धुवायचं का, कोणतं विष आहे, त्याचा उतारा आहे का, हे पाहायचं. इंग्रजीत त्याला अँटिडोट म्हणतात. विरोधात दिलेलं, असा त्याचा ग्रीक अर्थ. आपला उतारा हा शब्द मला त्याहून जिवंत वाटतो, चढलेलं उतरवणारा. साप चावला असेल तर लागतं अँटिव्हेनम, म्हणजे प्रतिविष. आरोग्य केंद्रात डॉक्टर त्याला एएसव्ही म्हणतात, लोक सापाची लस म्हणतात.

हे प्रतिविष बनतं त्याच विषापासून. सापाचं डोकं दोन बोटांत धरून, काचेच्या भांड्यावर ताणलेल्या पातळ पडद्यावर त्याला चावायला लावतात. दात पडदा भेदतात आणि काचेच्या आतल्या बाजूने पिवळसर थेंब ओघळतात. थेंब वाळवून त्याची भुकटी करतात. तमिळनाडूत इरुळा जमातीची १९७८ साली सुरू झालेली सहकारी संस्था हे काम पिढीजात कौशल्याने करते. मग ते विष अगदी थोड्या मात्रेत, हळूहळू वाढवत, घोड्यांना टोचतात. घोड्याचं रक्त त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं आणि ती वेगळी काढून कुपीत भरतात. फ्रेंच डॉक्टर अल्बेर काल्मेत याने १८९० च्या दशकात ही पद्धत रुळवली. सायगावमध्ये असताना पुरानंतर नागदंशाचे बळी त्याने पाहिले होते. आपल्याकडे परळच्या हाफकिन संस्थेचं नाव या कामाशी जोडलेलं आहे. भारतीय प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर एकत्र चालतं. त्याचा एक मिलिलिटर नागाचं किंवा घोणसाचं ०.६ मिलिग्रॅम आणि मण्यार किंवा फुरशाचं ०.४५ मिलिग्रॅम विष निष्प्रभ करेल, असं प्रमाण ठरलेलं आहे. म्हणून एका रुग्णाला एका कुपीवर भागत नाही. आणि म्हणूनच मांत्रिकाकडे विष उतरवण्यात गेलेला तास परत मिळत नाही. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने दर वर्षी सरासरी ५८ हजार माणसं मेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

व्हेनमवर नेहमी प्रतिविषच लागतं असंही नाही. कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशाने एके काळी धडधाकट मुलं काही तासांत जात. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९७० च्या दशकात खेड्यातल्या आरोग्य केंद्रात अशा रुग्णांच्या उशाशी बसून पाहिलं की विष हृदयावर आणि रक्तदाबावर तुफान उठवतं, फुप्फुसात पाणी भरतं. त्यांनी रक्तदाबावरचं प्राझोसिन हे साधं औषध वापरलं, आणि विंचूदंशातले मृत्यू खूप खाली आले. अनेक देशांतल्या डॉक्टरांनी ही पद्धत उचलली. सरकारने २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री दिली.

व्हेनम आणि पॉयझन यांची सीमा जंगलात पुसटही होते. कोलंबियात सोनेरी रंगाचा एक चिमुकला बेडूक असतो. त्याच्या कातडीतलं विष जगातल्या सर्वांत जहाल विषांपैकी. बेडूक पॉयझनस, कारण तो कुणाला टोचत नाही. पण तिथले एम्बेरा लोक फुंकणीच्या बारीक बाणांची टोकं त्याच्या पाठीवर घासून शिकार करतात. बाण रुतल्यावर ते विष व्हेनमच्या वाटेनेच रक्तात जातं. तरी इंग्रजीत त्याला पॉयझन डार्टच म्हणतात, कारण टोचण्याचं अवजार बेडकाचं नाही, माणसाचं आहे. हाच बेडूक बंदिस्त जागी वाढवला की बिनविषारी होतो. ते विष तो जंगलातल्या किड्यांतून मिळवत असतो.

पुस्तिकेच्या तक्त्यात मी अखेर व्हेनमस लिहिलं. निमविषारी हरणटोळ आणि मांजऱ्या यांच्यासाठी सौम्य व्हेनमचे असं वेगळं लिहावं लागलं. काम संपत आलं तेव्हा त्या तरुणांनी शेवटच्या पानासाठी आणखी एक साप दिला, जपानमधला यामाकागाशी. त्याच्या मागच्या दातांत विष आहे. शिवाय तो विषारी भेक खातो आणि भेकाचं विष आपल्या मानेवरच्या ग्रंथींत साठवून ठेवतो, त्याला खाऊ पाहणाऱ्यासाठी. किंकाझान नावाच्या एका बेटावर भेकच नाहीत, तर तिथल्या सापांच्या ग्रंथीत ते विषही नाही. या एका सापासाठी इंग्रजीत मला दोन्ही शब्द वापरावे लागले. मराठी प्रतीत त्या तरुणांनी आधीच लिहून ठेवलं होतं, चावला तरी विष, खाल्ला तरी विष.